तिकीट बसस्टँडचं, उतरवलं टोलनाक्यावर! तुमचे अनुभव सांगा

कापूसकोंड्या
मंडळी, पोळ्यासाठी पुण्याहून गावी आलो. गाव कारंजा आणि दारव्ह्याच्या मधात आहे. नाव सांगत नाही, कारण सांगूनही कोणाला कळत नाही. तिकीट काढलं एका ट्रॅव्हल्सचं. ॲपवर ड्रॉपिंग पॉइंट ठळक लिहिलेला, ‘कारंजा बसस्टँड’. एरवी नऊशेला मिळणारी सीट, पोळ्याच्या आदल्या दिवशी सतराशेला घेतली. बरं, सणाचे दिवस आहेत, घेऊ दे, म्हटलं.

पहाटे सव्वातीनला क्लीनरनं पाय हलवून उठवलं. "कारंजावाले, चला उतरा." डोळे चोळत खाली उतरलो तर बसस्टँड कुठे? समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज! गाडी टोलनाक्याच्या अलीकडे उभी, वर पाऊस, हातात बॅग, आणि बॅगेत पुतण्याच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. म्हटलं, "दादा, तिकीट बसस्टँडचं आहे." तर म्हणे, "सर, गाडी आता समृद्धीनंच जाते. हेच कारंजा." आणि गेला की निघून.

लहान भाऊ घ्यायला येणार होता, तो बिचारा बसस्टँडवर उभा. त्याला फोन करून बोलावलं तर मोटरसायकलला समृद्धीवर बंदी. मग मी बॅग डोक्यावर घेऊन रॅम्प उतरत टोलनाक्याबाहेर आलो. टोलवरचा पोरगा माझ्याकडे असा पाहत होता, जसा मी पायी चालण्याचा टोल बुडवून चाललो.

दोन प्रश्न आहेत. एक, असं तुमच्यासोबत झालं का, आणि याच्यावर काही करता येतं का? दुसरा कमी महत्त्वाचा. गाडीत जो साउथचा डब पिक्चर लावला होता, त्याचा शेवट कोणाला माहीत आहे का? गेल्या दिवाळीलाही तोच होता, तेव्हाही माझं गाव आधी आलं.

गावरान_मिरची
काऊन बाप्पा, पिक्चरचा शेवट विचाराले धागा काढला अन् टोलनाक्याचं निमित्त केलं!

सातबारा
माझा अनुभव याच्याही वरचा आहे. मेहकरचं तिकीट होतं. पूर्वी सगळ्या गाड्या सिंदखेडराजा, मेहकर, वाशिमचं मालेगाव अशा गावागावातून जायच्या. रात्री दोन वाजताही स्टँडसमोर चहाची गाडी चालू, चार माणसं उभी, कुत्री भुंकत असायची. जाग असायची हो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पट्टा सुरू झाला आणि हळूहळू गाड्या वर गेल्या. नागपूरवाल्याचे तीन-चार तास वाचले, मान्य आहे. पण वाचलेले तास आमच्यासारख्या मधल्या गाववाल्यांच्या खिशातून काढले ना! मी इंटरचेंजवर दीड तास बसून होतो, मग एका कांद्याच्या गाडीनं नेलं.

झाडीवाला
आमच्याकडे समृद्धी नाही जी. त्यामुळे ही तक्रार करायचीही सोय नाही. तुम्ही नशीबवान.

अंजनगावची_लेक
हसण्यावारी नेऊ नका. माणसाला उतरवलं तर तो रॅम्प चालत उतरतो आणि इथे येऊन गंमत लिहितो. मला मागच्या वर्षी असंच उतरवलं तेव्हा सोबत पाच वर्षांची मुलगी होती. मी उतरलेच नाही. म्हटलं, गाडी गावात नेत नसाल तर मी पुढच्या गावापर्यंत बसते, सकाळी उजेडात उतरीन. ड्रायव्हर चिडला, मागचे दोन प्रवासी म्हणाले, "ताई, उशीर होऊन राहिला." शेवटी पुढे दिवस उगवताना एका पेट्रोलपंपावर उतरले आणि तिथून उलटी आले. पैसे जास्त लागले, पण रात्री तीनला निर्जन टोलवर उभी राहिले नाही.

आणि जेवणाचा थांबा! ट्रॅव्हल्सवाले ज्या धाब्यावर थांबवतात तिथे ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट असतं, म्हणून गाडी तिथेच थांबते. शेव-भाजी दोनशे वीसची, चालेल, नाही खाणार. पण बायकांच्या संडासाला कडी नसते. एक बाई आत, एक बाई बाहेर दार धरून. अनोळखी बायकांची इतकी मैत्री दुसरीकडे कुठेच होत नाही.

सातबारा
ताई, तुम्ही उतरला नाहीत ते बरोबर केलं. हे आम्हाला सुचतही नाही. उतरा म्हटलं की उतरतो आपण.

गावरान_मिरची
ताई, माफ करा, वरचा टोमणा मागं घेतो. कडीचं तं खरंच आहे. माही बायको पुण्याले जाताना पर्समधी सुतळी ठेवते, कडीच्या जागी बांधाले.

स्टेअरिंगवाला
सगळे ड्रायव्हरले शिव्या देऊन राहिले म्हणून लिहितो. मी अकरा वर्षं याच लाइनवर गाडी चालवली, आता सोडली. मालक सांगते, इतक्या वाजता नागपूर लागलंच पाहिजे. इंटरचेंजमधून बाहेर निघा, गावात जा, एक सवारी उतरवा, परत आत या, याच्यात चाळीस मिनिटं जाते. अशी चार गावं केली तर समृद्धीनं येऊन फायदा काय? मग मालक फोनवर आमची मायबाप काढते. ॲपवर ड्रॉपिंग पॉइंट कोण टाकते? ऑफिसमधला पोरगा. जुन्या रोडची यादी आहे, थेच चालू आहे. त्यानं कारंजा पाह्यलं नसते.

पण एक सांगतो. आधी सांगाले पाहिजे होतं. पुण्यातच सांगितलं असतं की बाप्पा टोलवर उतरा लागन, तं माणूस घरच्याले तसा फोन करते. थे आम्ही सांगत नाही, कारण सांगितलं की सवारी दुसऱ्या गाडीत जाते. हे आमचं चुकते.

कापूसकोंड्या
स्टेअरिंगवाले भाऊ, खरं बोलल्याबद्दल आभार. म्हणजे माझं भांडण झोपलेल्या क्लीनरशी नव्हतं, एका यादीशी होतं.

निवृत्त_गुरुजी
एक मुद्दा राहतो आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून मी गाडीत बसलो की आधी दोन गोष्टी पाहतो. संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे आहे, आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे की नाही. बरेचदा हातोडीचा फक्त खाचा असतो. एकदा त्या दारासमोर पार्सलचे खोके रचलेले होते, संत्र्यांचे. मी क्लीनरला सांगून हलवायला लावले. लोक हसले. हसू द्या.

कुठे उतरवलं, कोणता पिक्चर लावला, या तक्रारी जरूर करा. पण पैसे कशाचे देतो आहोत तेही पाहा.

झाडीवाला
गुरुजी 🙏

वकिलीन_बाई
मूळ प्रश्नाकडे. करता येतं. तिकिटावर किंवा ॲपवर जो उतरण्याचा थांबा लिहिला आहे तो सेवेचा भाग आहे. तो दिला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती सेवेतली त्रुटी ठरते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगते आहे). पुरावा म्हणून ॲपवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि उतरल्या जागेवरून लोकेशन स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

भाड्याचंही आहे. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी बसला त्याच अंतराच्या, त्याच प्रकारच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. नऊशेचे सतराशे केले म्हणून लगेच नियम मोडला असं होत नाही, तुलना एसटीच्या भाड्याशी करायची असते. आधी ते पाहा, मग आरटीओकडे जा.

गावरान_मिरची
दिवाळीत हा नियम कोणाच्या घरी पाहुणा जाते कोण जाणे.

मुक्कामी_गाडी
माझं नावच पाहा. आमच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी सातला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे, त्यांना घरोघरचा डबा वारी लावून जायचा. सकाळी सहाला तीच गाडी निघायची. कंडक्टरला कोणाची पोरगी दहावीला आहे, कोणाचा बाप दवाखान्यात आहे, सगळं माहीत. उशिरा येणाऱ्यासाठी हॉर्न वाजवून थांबायचा. ट्रॅव्हल्समध्ये माझ्या सीटचा नंबर माहीत असतो, बस.

आता एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून फुकट, आणि २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट. आमच्या आईचं माहेर अचानक जवळ आलं. आधी वर्षातून दोनदा जायची, आता मामाच्या म्हशीला रेडकू झालं तरी जाते. बाबांना मात्र अजून अर्धं तिकीट काढावं लागतं, कारण आधार कार्डावर ते ७२ चे आहेत. खरे ७७ चे असतील. गुरुजींनी शाळेत घालताना १ जुलै टाकली आणि वर्षही अंदाजे.

निवृत्त_गुरुजी
अर्ध्या जिल्ह्याचा जन्म १ जुलैचा आहे, त्यात माझाही हातभार आहे. क्षमा असावी. फी माफ नव्हती, वयही माफ होत नव्हतं.

सातबारा
😂😂

शकुंतलाप्रेमी
तुम्ही बसचं बोलता. आमच्या लहानपणी यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे होती. अरुंद रुळांची, अडीच फुटी. ११३ किलोमीटरला दिवस जायचा. १९२३ पासून वाफेच्या इंजिनवर चालली आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल लागलं. माझे आजोबा सांगायचे, चढावर पोट्टे उतरून बोरं तोडायचे आणि पळत येऊन परत बसायचे. दारव्ह्याला चहा पिऊन होईपर्यंत गाडी हलत नसे. तिच्याविरुद्ध तक्रार कोणी केली असं ऐकलं नाही, कारण ती वेळेवर येईल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

स्टेअरिंगवाला
म्हणजे ॲपवर वेळच टाकू नये. पटलं.

अंजनगावची_लेक
विषय निघालाच आहे तर अचलपूरचा फाटाही आठवतो. मूर्तिजापूरहून ७६ किलोमीटर, अंजनगाववरून. माझी आजी लग्नानंतर त्याच गाडीनं आली. आता रुळांत बाभळी आहेत. पण ताटकळण्याचं इतकं कौतुक नको. आजी म्हणायची, गाडी चुकली की रडू यायचं, तेव्हा कोणाला कविता सुचत नव्हती.

शकुंतलाप्रेमी
ताई, आजीचं खरं आहे. मी आजोबांच्या तोंडून ऐकलं, आजींना विचारलंच नाही कधी.

डिश_फिरवा
कोणी करमणुकीचं बोलेल का? मी टीव्हीच्या छत्रीवर रडायला आलो होतो. आमच्याकडे एका खासगी कंपनीची डिश आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम आला की आपल्याला हवे तेच चॅनल निवडा, तेवढेच पैसे द्या. ऐकायला गोड. निवडायला बसलो तर एका मराठी चॅनलसोबत कार्टून, स्वयंपाकाचं, आणि कोणत्या तरी भाषेतल्या गाण्यांचं असं गाठोडंच स्वस्त पडते. सुटं घेतलं तर महाग. म्हणजे एक किलो वांगे घेतले तर सोबत अर्धा किलो कारले घ्याच. मधेच पॅक आपोआप बदलते. कस्टमर केअरला फोन केला तर वीस मिनिटं गाणं ऐकवतात, करमणुकीचा पैसा तिथेच वसूल.

पाऊस आला की सिग्नल जाते. भारताची मॅच आणि आमच्याकडचा पाऊस यांचं काय साटंलोटं आहे कळत नाही.

मुक्कामी_गाडी
डीडी फ्री डिश लावा ना. एकदा डबा-छत्रीचे पैसे द्यायचे, महिन्याचं काही नाही. आमच्या शेतातल्या गड्याच्या घरी तेच आहे. आम्ही महिन्याला तीनशे भरतो आणि मॅच पाहायला त्याच्याकडे जातो.

डिश_फिरवा
त्याच्यावर सासूबाईंची मालिका लागत नाही. लागली असती तर हा धागा मी वाचलाच नसता.

गावरान_मिरची
मोबाइलचं सांगा कोणीतरी! रात्री दोन वाजता स्लीपरमधी वरच्या बर्थवरचा पोट्टा बिना इयरफोनचा रील पाहून राहिला होता. एकच गाणं, पंधरा पंधरा सेकंदाचं. मी म्हटलं, भाऊ, आवाज कमी कर. त्यानं कमी केला, मंग खालचे काका जागे होऊन म्हणते, "अरे लाव ना, झोप येऊन राहिली होती त्याच्यावर."

झाडीवाला
करमणूक म्हणाल तर ऐका जी. दिवाळीच्या भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. ज्या गावी मंडई त्या गावी रात्री नाटक. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या गडचिरोलीतल्या वडशाला. पाहुणे, जावई, सोयरीक पाहायला आलेले, सगळे एका मंडपात. रात्री सुरू होते ते कोंबडा आरवला की संपते. तुमच्या मल्टिप्लेक्समध्ये अडीच तासात बाहेर काढतात, आम्ही त्याच पैशात अख्खी रात्र बसतो. आमच्या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, माहीत असू द्या.

तक्रार? आहे ना. पत्रकावर लिहितात ‘ठीक साडेनऊ वाजता’. मागच्या हंगामात एका गावी साडेनऊला मंडपात मी आणि एक कुत्रा. पावणेबाराला पडदा उघडला. मधात दर प्रवेशाला एक नाच. बाप मरतो, लगेच नाच. पोरगी सासरी जाते, लगेच नाच. माझी म्हातारी रडायला पदर काढते तोवर ढोलकी वाजते, पदर परत खोचते. पब्लिकला पाहिजे म्हणून करतात म्हणे. मी पण पब्लिकच आहे ना गा, मला कोणी विचारलं?

अंजनगावची_लेक
पण शेवट तरी पाहायला मिळतो!

झाडीवाला
मिळतो. थंडीत शालीतून एक डोळा बाहेर काढून पाहिला तर मिळतो.

वकिलीन_बाई
कापूसकोंड्या, तुमच्या तक्रारीचं पुढे काय झालं? लोकांनी पोळ्यावरून मंडईपर्यंत नेलं.

कापूसकोंड्या
सांगायचंच होतं. १९१५ वर नोंद केली. चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन. आधी म्हणे, "सर, इंटरचेंज म्हणजे कारंजाच." मी लोकेशन आणि स्क्रीनशॉट पाठवला. मग म्हणे, पुढच्या प्रवासासाठी दोनशे रुपयांचं कूपन देतो. कूपनची मुदत तीस दिवस. मी पुण्याहून गावी वर्षातून दोनदा येतो. म्हटलं, कूपन नको, पैसे द्या, आणि ॲपवरचा थांबा बदला. पैशाचं अजून चालू आहे. पण काल सहज ॲप उघडून पाहिलं. कारंजा बसस्टँडच्या जागी आता लिहिलं आहे, ‘कारंजा, समृद्धी टोल’.

सातबारा
म्हणजे गाडी सुधारली नाही, यादी सुधारली.

अंजनगावची_लेक
तरी बरं. निदान पुढची बाई तिकीट काढतानाच ठरवेल, या गाडीनं यायचं की नाही.

स्टेअरिंगवाला
कापूसकोंड्या भाऊ, तुमच्या त्या टोलबाहेर पहाटे साडेचारच्या सुमाराले दूधगाडी जाते, कॅनवाली. मी त्याच रोडचा, मले माहीत आहे. हात दाखवला तं थांबते, पुढं बसवून घेते, वीस-तीस रुपये द्या. दिवाळीले या तं तशी वेळ धरा. अन् पिक्चरचा शेवट विचारला होता ना तुम्ही? थो पिक्चर माह्या गाडीत दोन वर्षं चालला.

कापूसकोंड्या
सांगा की मग! हिरो वाचतो का?

स्टेअरिंगवाला
टीव्ही ड्रायव्हरच्या मागं असते भाऊ. मी पाह्यला नाही, फक्त ऐकला. शेवटी मोठा धमाका होते, मंग एक बाई लय रडते, मंग थोडा वेळ काहीच नाही, मंग लहान पोरगं हासते. तितक्यात वाडीचा नाका येते अन् क्लीनर बंद करते.

गावरान_मिरची
पोरगं हासते म्हणजे वाचला असन.

झाडीवाला
किंवा नाच सुरू झाला असेल जी.